रबरी बटणांचा पक्ष

दोन जुन्या कॉम्प्युटरांत उजवा कोणता, हा प्रश्न माहेरच्या आणि सासरच्या पुरणपोळीत सरस कोणती, असे विचारण्यासारखा आहे. उत्तर देणारा चवीचे नाव घेऊन घराविषयीच बोलत असतो. तेव्हा पुढे मी जे सांगणार आहे, ते वाचकांनी थोडे सबुरीने घ्यावे.

आमच्या पुतण्याला ऐंशीच्या दशकातले खेळ त्या काळच्या यंत्रावरच खेळायचे आहेत. ते आजच्या कॉम्प्युटरवर हुबेहूब चालतात, हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. पण बोटांखाली बटणे खरी हवीत, असा त्याचा हट्ट. पैसे एकाच यंत्रापुरते आणि उमेदवार तीन.

पैकी बी.बी.सी. मायक्रो हा मुळात मास्तर. १९८४ पासून सरकारी योजनेतून तो आपल्याकडच्या शाळांतही आला, आणि पुष्कळांनी त्याचे दर्शन चपला बाहेर काढूनच घेतले. खेळ त्याच्याकडे तुलनेने थोडे. पण त्यांत १९८४ चा 'एलिट' आहे. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी अवघ्या ३२ किलोबाइटांच्या यंत्रात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ जगे बसविली! साठविली कुठे? कुठेच नाहीत. मूठभर आकड्यांवरून यंत्र ती दर वेळी नव्याने मांडते आणि दर वेळी तीच येतात.

कागदावर पाहाल, तर कमोडोर ६४ पुढे बाकीच्यांनी उभेच राहू नये. १९८२ साली अमेरिकेत आलेल्या या यंत्रात ६४ किलोबाइटांची स्मृती, सोळा रंग आणि आठ चित्रे पडद्यावर स्वतंत्रपणे सरकविण्याची सोय. शिवाय 'सिड' नावाची एक चिप, तीन स्वरांत गाणारी. १९८५ च्या 'मॉन्टी ऑन द रन'साठी रॉब हबर्डने केलेले संगीत ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, हे तीनच आवाज आहेत?" मला मान हलवावी लागली.

आता आमचा स्पेक्ट्रम. विलायतेत एप्रिल १९८२ मध्ये आला. ४८ किलोबाइटांचा १७५ पौंडांना. बटणे रबराची, आवाज एकच आणि तोही चिमणीच्या पिलाचा. रंगांची तर गंमतच. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावत. त्यामुळे नायक हिरव्या झुडपापाशी गेला की स्वतःच हिरवा होई. पण १९८४ च्या 'नाइट लोर'मध्ये एका दालनाला एकच रंग देऊन टाकला आणि सगळी करामत खोलीच्या खोलीवर केली! किल्ल्याला माती कमी पडली म्हणून विटांच्या तुकड्यांचे बुरूज करणाऱ्या पोराची ही अक्कल. मला हे खेळ प्रिय आहेत ते त्यामुळे. कमोडोरवर वैभव दिसते, स्पेक्ट्रमवर माणूस दिसतो. निदान मला तरी दिसतो.

व्यवहाराचे म्हणाल, तर कमोडोर अमेरिकेहून मागवू नये. तिकडचे यंत्र सेकंदाला साठ चित्रे काढते, आपल्याकडची आणि युरोपातली पन्नास. इंग्लंडात लिहिलेले खेळ त्यावर भरधाव पळतात, कधी अडखळतातही. त्याचा मूळ वीजपुरवठ्याचा ठोकळाही लावू नये. म्हातारपणी तो जास्त दाब सोडतो आणि आतल्या चिपा जळतात. स्पेक्ट्रमच्या बटणांखालचा पडदा कडक होऊन तुटतो, पण तो नवा मिळतो.

हा सारा सल्ला मी निःस्वार्थ बुद्धीने देतो आहे असे मात्र नाही. आमचा स्पेक्ट्रम दादाने १९८५ साली एका स्नेह्याकरवी लंडनहून आणविला होता. घरचा टीव्ही, घरचाच टेपरेकॉर्डर. निराळे काही लागत नसे. खेळ चढायला चार-पाच मिनिटे. तोवर पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावत, टेप किंचाळत राही आणि आम्ही सारे गप्प. हसलो तर खेळ बिघडेल, अशी आईची समजूत होती.

एका कॅसेटवर सहा-सात खेळ. कोणता कुठे सुरू होतो, तो टेपरेकॉर्डरच्या काट्यावरचा आकडा दादा वहीत लिहून ठेवी. १९९१ साली घर बदलताना यंत्र गेले. २०११ साली दादा गेला. कॅसेटी, वही आणि टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहेत, आणि ते आकडे त्या एकाच टेपरेकॉर्डरवर जुळतात. कमोडोरला त्या कॅसेटींतले अक्षरही कळणार नाही. त्याचा तर टेपरेकॉर्डरही त्याचा स्वतःचा असतो.

पुतण्याचे अजून ठरत नाही. वही त्याने परवा पाहिली; बापाचे अक्षर बराच वेळ पाहत होता, बोलला काही नाही. मीही पुढे काही सुचविले नाही. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा मात्र काल बदलून आणला आहे.