मूस, मी आणि उजनी

'तुझं वजन किती?'

रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर कुणी असा प्रश्न टाकला, तर एरवी मी सरळ ब्लॉक केलं असतं. पण विचारणारा माझा मामेभाऊ होता. दादा गेली सहा वर्षं अलास्कात, अँकरेजला नोकरी करतो. तिकडे सकाळचे दहा वाजले होते आणि साहेब ऑफिसात बसून माझ्या बोटीचा हिशोब करत होते.

हो, बोटीचा. मी सोलापूरची, फ्रीलान्स पत्रकार, आणि मला एकटीने उजनीच्या पाण्यात राफ्ट घालायची आहे. हे वाक्य मी आजवर पाचजणांना ऐकवलं. चौघांनी 'सोबत कोण?' असं विचारलं. पाचव्या बाईंनी 'लग्नाचं काय?' विचारलं.

खूळ मुळात दादाचं. गेल्या वर्षी सप्टेंबरात तो एकटाच राफ्टमधून मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे हरणांच्या खानदानातला सगळ्यात मोठा प्राणी. घोड्याहून उंच, फावड्यासारखी पसरट शिंगं, आणि अलास्कातला पुरा वाढलेला नर सहाशे किलोच्याही वर जातो. छोट्या विमानाने नदीच्या वरच्या अंगाला उतरायचं, घडी केलेली राफ्ट फुगवायची, आठ-दहा दिवस प्रवाहाबरोबर खाली येत राहायचं आणि ठरलेल्या ठिकाणी पुन्हा विमान गाठायचं. मधे रस्ता नाही, गाव नाही, फोनला रेंज नाही. अस्वलं मात्र भरपूर.

ऐकायला सॉलिड फिल्मी वाटतं. पण दादाने त्याची एक्सेल शीट मला पाठवली आणि माझी सगळी फिल्मच उतरली. दीड वर्षाचं प्लॅनिंग होतं, आणि त्यात बंदुकीला एकच ओळ. बाकी सगळं वजन! तंबू किती, तांदूळ किती, दोर किती. आणि शेवटच्या रकान्यात 'परतीचं वजन'. म्हणजे असं, की मूस मिळाला तर त्याचं नुसतं मांसच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. तेव्हा राफ्ट घ्यायची ती जाताना आपण मावतो म्हणून नाही, येताना हे सगळं घेऊन ती तरंगेल म्हणून. शिवाय तिकडचा कायदा फार कडक. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा. शिंगं तर मांसाच्या आधी जागेवरून हलवायचीच नाहीत, शेवटच्या खेपेबरोबर आणायची. विमानातून उतरलात त्या दिवशी शिकार करायची नाही. दादा तिथला रहिवासी म्हणून त्याला एकट्याला जाता येतं. तुम्ही-आम्ही इथून गेलो, तर परदेशी माणसाला लायसनवाला गाइड सोबत घ्यावाच लागतो.

मी त्याला विचारलं, 'मग मिळाला का?'

'सहाव्या दिवशी दिसला. मोठा नर. पण नदीपासून किलोमीटरभर आत, आणि मधे सगळी दलदल. एकट्याने एवढं मांस पाठीवर आणायचं म्हणजे आठ-दहा खेपा. नाही मारला.'

'मग काय केलंस?'

'चहा केला.'

आमच्या घरात हे ऐकून सगळ्यात जास्त खूश कोण झालं असेल, तर आई. कारण तिचे वडील, म्हणजे आमचे आण्णा, शिकारी होते. भीमेकाठच्या त्यांच्या गावाच्या माळावर तेव्हा काळविटांचे कळप असत आणि आण्णांकडे बारा बोअरची बंदूक होती. आई सांगते, काळवीट पडलं की अंधार पडायच्या आत वाटे करून वस्तीवर घरोघर जायचे. फ्रीज कुठला? मांस वाया गेलं तर आजी आण्णांशी दोन दिवस बोलायची नाही. थोडक्यात, अलास्काचा कायदा आमच्या आजीला तोंडपाठ होता! मग १९७२ साल आलं. एकीकडे तो भयानक दुष्काळ आणि त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा. काळवीट पहिल्या परिशिष्टात गेलं आणि आण्णांची बंदूक भिंतीवर. पुढे ती पोलीस ठाण्यात जमा झाली. आणि काही वर्षांनी तो माळ, ती वस्ती, ते अख्खं गावच उजनीच्या पाण्याखाली गेलं.

धरण १९८०ला पूर्ण झालं. आई गाव सोडून निघाली तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. ती त्याबद्दल फारसं बोलत नाही. टीव्हीवर 'उजनी शंभर टक्के भरलं' अशी बातमी आली की सगळं सोलापूर सुटकेचा श्वास टाकतं. साहजिकच आहे, चार-चार दिवसांनी नळाला पाणी बघत मोठे झालेले लोक आम्ही. आई तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्या हे लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली, आणि म्हणे मी पत्रकार.

तर माझी 'शिकार' अशी: राफ्ट, कॅमेरा आणि अग्निपंख. फ्लेमिंगो हो! उजनीचं पाणी उतरायला लागलं की उथळ गाळात ते उतरतात. धरण तुडुंब असेल त्या वर्षी त्यांना उभं राहायला जागाच नसते, मग उशिरा येतात. भिगवणला पर्यटकांची गर्दी असते आणि नावाड्यांच्या बोटीतून फोटो मिळतातही. पण मला करमाळ्याच्या बाजूने जायचं होतं. आईच्या गावावरून. आणि एकटीने.

एकटीनेच का, याचं उत्तर माझ्याकडे धड नाही. नावाडी असला की तो बोलतो, आणि आपण पाहुणे होतो. त्या पाण्यावर मला पाहुणी व्हायचं नव्हतं. इतकंच सुचतंय.

पहिला प्लॅन मी भलताच हिरोगिरीचा केला होता. दादासारखं प्रवाहाबरोबर खाली यायचं. धरणाच्या पायथ्याला भीमानगरला राफ्ट टाकायची, नीरा-नरसिंहपूरला नीरा मिळते तिथे मुक्काम, आणि पुढे थेट पंढरपूर. विठोबाच्या दारात राफ्टने! फोटो कसला भारी आला असता. पण भीमा म्हणजे अलास्कातली नदी नव्हे. धरणातून सोडलं तर पाणी, नाहीतर वाळू आणि डबकी. पाणी आहे तिथे वाळू उपशाचे खड्डे, वरून दिसत नाहीत आणि पाय टाकला की माणूस गडप. आणि मधे मधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर खाली ते उलटं फिरतं आणि राफ्टला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. दादाला नकाशा पाठवला तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, 'ही नदी नाही, जिना आहे.' प्लॅन रद्द.

दुसरा प्लॅन बॅकवॉटरचा. तारीख काढली मे महिन्याची. पाणी कमी, पक्षी भरपूर, कामं थंड. फ्रीलान्सरला मे महिन्यात कोण विचारतं? आणि मग जुन्या बातम्या चाळताना २१ मे २०२४ची बातमी पुन्हा समोर आली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली होती. सहाजण गेले. एकजण पोहत काठाला आला. ती रोजच्या ये-जा करण्याची बोट होती, सहलीची नाही. माणसं या काठावरून त्या काठावर चालली होती, कारण रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. तो वळसाही धरणानेच दिलेला. मी लॅपटॉप बंद केला आणि पुढचे दोन आठवडे त्या एक्सेल शीटला हात लावला नाही.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, असं बाबांचं आजही मत आहे.

पण मी करमाळ्याला गेले. काठावरच्या एका मच्छीमार काकांना गाठलं आणि जरा घाबरतच सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. आधी विचारलं, 'पव्हता येतं का?' म्हटलं, येतं, स्विमिंग पूलमध्ये. तेव्हा मात्र हसले. मग तासभर बोलत बसले आणि मी एक वही भरली. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं, पाण्यावर लाट उठते, फुगवलेली राफ्ट म्हणजे वाऱ्याला कागदाचा कपटा. थंडीत पहाटे पाणी आरशासारखं. 'अकराच्या आत काठाला लागायचं, ताई. पक्षी दिसू दे न्हाईतर नको.' जाळ्यांच्या दोऱ्या कशा ओळखायच्या, तेही सांगितलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाळ. 'पक्षी उभा हाय म्हंजी गुडघाभर पाणी, असं समजून उतरू नगा. त्याचं वजन किती आन् तुमचं किती?'

पुन्हा वजन!

तिसरा प्लॅन असा तयार झाला. जानेवारीचा शेवटचा आठवडा. उजाडताना पाण्यात, साडेदहाला बाहेर. काठापासून फार आत जायचं नाही. लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटापासून अंगावर. थव्याच्या दिशेने वल्हवायचं नाही, लांब थांबून राफ्ट आपोआप सरकेल तेवढीच सरकू द्यायची. पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबायचं, थवा उडाला तर शिकार फसली. अग्निपंख पलीकडच्या काठाला असतील तर? चहा.

राफ्ट पुण्याहून सेकंडहँड मिळाली, नऊ हजारांत. परवानगीसाठी एका कार्यालयात गेले तर तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, 'संस्था कोणती?' म्हटलं, मीच. 'मग अध्यक्ष कोण?' तो अर्ज अजून फिरतोय. शिक्का मिळाल्याशिवाय राफ्ट पाण्यात जाणार नाही, हे मी आईला कबूल केलंय, त्यामुळे जानेवारीचं काय ते त्या टेबलावर ठरेल.

एक गोष्ट दादाकडे होती आणि माझ्याकडे असणार नाही. त्याच्याकडे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र होतं. आपल्याकडे ते सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही, लोक विमानतळावरच अडकलेत त्यापायी. मग उरतो कागद. त्याला तिकडे 'फ्लोट प्लॅन' म्हणतात. कुठून निघणार, कुठे लागणार, राफ्टचा रंग, अंगातल्या कपड्यांचा रंग, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणी कुणाला कळवायचं. हा कागद मागे कुणाकडे तरी ठेवून जायचं. एकटं जायचं असेल तर घरी एक माणूस घड्याळाकडे बघत बसलेला लागतो. तेव्हा 'एकटी' हा शब्द मी तसा फुकटच मिरवतेय.

कागद मी बाबांकडे देणार होते. आईकडे द्यायची हिंमत नव्हती. ती आधीच माझ्याशी तुटक बोलत होती. मी एकदा मारुती चितमपल्लींचं नाव काढून पाहिलं. आपल्या सोलापूरचा माणूस, छत्तीस वर्षं वनखात्यात, पक्ष्यांवर एवढं लिहिलं. जून २०२५मध्ये ते गेले तेव्हा आईनेच पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. आई म्हणाली, 'त्यांना खात्याचा पगार होता. तुला कोण देतं?' बोला आता.

मागच्या रविवारी गच्चीवर राफ्ट फुगवून ठेवली, रात्रभरात हवा जाते का बघायला. सकाळी वर गेले तर आई राफ्टमध्ये बसलेली. नुसती बसलेली, हातात चहाचा कप. मी कठड्याला टेकून उभी राहिले.

'कागद आण,' ती म्हणाली.

फ्लोट प्लॅनच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने गाव काढलं. आधी नदी, मग घाट, मग वरची आळी. 'इथे मारुतीचं देऊळ, दगडी. पाणी उतरायला लागलं की आधी हा भाग वर येतो, तेव्हा इथून लांब राहा, राफ्ट फाटेल. इथे पाटलांच्या वाड्याची भिंत, ती पडली नसेल. इथे बाभळी होत्या, बुंधे असतील अजून. ही आमची विहीर.' विहिरीपाशी पेन जरा थांबलं. मग तिने तिथे गोल काढला, बाजूला पायऱ्याही काढल्या, नीट मोजून.

मी काठावरच्या काकांना तो कागद मोबाइलवर पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. देऊळ बरोबर आहे म्हणाले, त्यांचं जाळं दोनदा अडकलंय तिथे. भिंत मात्र गेली.

कागदाच्या पुढच्या बाजूला मी 'साडेबारापर्यंत फोन न आल्यास' असं लिहिलं होतं. आईने ते खोडून साडेअकरा केलं आणि बाबांचा नंबर काढून स्वतःचा घातला.

आता सामानाच्या यादीत तिची भर सुरू आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, एक किलो दोनशे ग्रॅम. एका सकाळसाठी! दादाला फोटो पाठवला. त्याचा लगेच मेसेज आला, 'परतीच्या रकान्यात धरू नकोस.'