खालून वर वाचायची यादी

वर्ष संपत आलं की मोबाईलवर याद्यांचं पीक येतं. वर्षातली दहा सर्वोत्तम गाणी, वीस सर्वोत्तम चित्रपट, आजवरचे शंभर नायक. तळ्यातली आमची नववी-दहावीची मुलं त्यावरून हमरीतुमरीवर येतात. शिक्षक-खोलीत मात्र एकच सूर असतो: कलेला कुठे नंबर असतात का?

मला याद्यांचा राग येत नाही. मी एवढंच विचारतो, की यादी कुणी केली, कशावरून केली आणि ती कोणत्या टोकाकडून वाचायची?

आपल्याकडची सगळ्यांत गाजलेली यादी म्हणजे बिनाका गीतमाला. ३ डिसेंबर १९५२ रोजी ती रेडिओ सिलोनवर सुरू झाली. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर आपले मराठीच. चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली होती. म्हणजे सरकारदरबारी एक यादी होतीच: शास्त्रीय संगीत वर आणि सिनेमाची गाणी यादीबाहेर. अमीन सायानींनी लोकांची यादी मांडली. सुरुवातीला सात गाणी वाजत आणि क्रम श्रोत्यांनी पत्रातून लावायचा. १९५४ पासून कार्यक्रमातच क्रम आला. त्यामागे रेकॉर्डची विक्री होती आणि गावोगावच्या श्रोतासंघांची पसंती होती.

सायानी नंबर म्हणत नसत, 'पायदान' म्हणत. पायदान म्हणजे पायरी, आणि पायऱ्या खालून चढायच्या असतात. सरताज गीताचं बिगूल ऐकायचं तर आधी खालची सगळी गाणी ऐकावी लागत. पहिलं कोण, या उत्सुकतेपायी माणसं शेवटच्या गाण्यालाही कान देत. मला त्या यादीचं खरं मोल यात दिसतं. १९६० साली 'मुग़ल-ए-आज़म'सारखा चित्रपट आला, तरी वर्षाचं सरताज गीत ठरलं ते 'बरसात की रात'मधलं, साहिर आणि रोशन यांचं. त्यानं नौशादांच्या गाण्यांचं काही बिघडलं नाही. क्रमाचा वाद विरला, गाणी दोन्हीकडची राहिली.

ही भाषा सायानींच्या घरातली होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. अमीन त्यांना मदत करत. सोपी, सगळ्यांना कळणारी हिंदुस्तानी ते तिथे शिकले. ज्यांना उर्दूचा अलिफही माहीत नव्हता, अशा मराठी घरांतही 'पायदान' आणि 'सरताज' हे शब्द त्यांच्या आवाजातून पोचले. दोन्ही भाषा शिकवताना मला याचा आजही उपयोग होतो.

आताची यादी वरून सुरू होते. पहिलं गाणं आधी दिसतं, दुसऱ्या-तिसऱ्यावर बोट थांबतं, दहावं कुणी उघडतच नाही. क्रम कशावरून लागला, हेही कळत नाही. आणि ही सवय गाण्यांपुरती राहत नाही. मंडळानं दहावीची गुणवत्ता यादी बंद केली, पण निकालानंतर नाक्यावर फलक लागतोच. त्यावर पहिल्या तिघांचे फोटो. बाकीची मुलं त्याच फलकाखालून दप्तर घेऊन जातात आणि आपण यादीबाहेरचे आहोत, हे न सांगता शिकतात.

म्हणून मी वर्गात याद्या करायला लावतो. वाचलेल्या दहा गोष्टींचा क्रम लावायचा, प्रत्येकीपुढे कारण लिहायचं, आणि वाचून दाखवताना दहावीपासून सुरुवात करायची. एका मुलीनं दहाव्या गोष्टीपुढे लिहिलं होतं, "शेवट आवडला नाही, पण त्यातली आजी आवडली." त्या आठवड्यात ती गोष्ट तिघांनी मागून नेली. तिघांनाही ती आजी कशी आहे ते पाहायचं होतं.