काकाजी, तेवढा नंबर वाचता का?

सत्तावीस! अहो, सगळा जीव या सत्तावीसमध्ये आहे! मला हे आत्ताच उमगलंय आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा!

आधीच सांगते, मी सीए नाही, कर सल्लागार नाही. सौंसरातल्या काही दुकानांच्या टॅलीत एंट्र्या करते, एवढंच. पण जीएसटी नंबर कधी नीट पाहिलाय तुम्ही? १५ अक्षरं! पहिले दोन अंक राज्याचे. आपलं मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७! पुढची १० अक्षरं म्हणजे चक्क पॅन! आणि त्या पॅनचं चौथं अक्षर सांगतं समोरचा कोण: पी असेल तर एकटा माणूस, एफ असेल तर भागीदारी, सी म्हणजे कंपनी! एकटा माणूस असेल तर पाचवं अक्षर बहुतेक वेळा त्याच्या आडनावाचं! आणि शेवटचं अक्षर आधीच्या सगळ्यांचा हिशेब करून ठरतं, म्हणजे एक अंक इकडचा तिकडे झाला की पोर्टल लगेच अडवतं! केवढी ही हुशारी, आणि रोज आपल्या हाताखालून जाते!

आता ऐका. संत्र्याची प्लॅस्टिकची कॅरेटं विकणारे एक शेठजी. ताज्या संत्र्यावर कर नाही, पण संत्री ज्यात भरता त्या कॅरेटवर १८ टक्के! माल गेला सावनेरला, आणि बिलात लागले सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९. पण माल परराज्यात गेला, म्हणून लागायला हवा होता आयजीएसटी १८. पण १ लाखाच्या मालावर असंही १८ हजार आणि तसंही १८ हजारच! बेरीज तीच! म्हणून तर चूक दिसत नाही! पण सावनेरच्या पार्टीला या कराची वजावट मिळत नाही, मग ती पेमेंट अडवते आणि इकडे शेठजी म्हणतात, पैसे तर बरोबर लावले, आता काय झालं?

आणि हे त्यांना सांगायचं कसं? वयानं वडिलांएवढे, गादीवर बसलेले, समोर गिऱ्हाईक, शेजारी मुलगा. तिथे 'बिल चुकलं' हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत! दुपारी दुकान रिकामं होईपर्यंत थांबायचं, मुलगा जेवायला गेला की बिल त्यांच्यापुढे सरकवायचं आणि म्हणायचं, "काकाजी, पार्टीचा नंबर तेवढा वाचता का? मी इकडे टिक मारते." बस! पुढे चूप! ते चष्मा लावतात आणि मग मोठ्यानं वाचतात, "सत्तावीस..." आणि मग थांबतात आणि मग वर पत्त्याकडे पाहतात आणि मग एकदम, "हाव ना! सावनेर तर महाराष्ट्रात!" त्यांनीच शोधलं! त्यांनीच! मी फक्त पेन धरून बसलेली!

आणि मला तर मनापासून वाटतं, यात त्यांना कमीपणा वाटावा असं काहीच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती! सौंसर आणि सावनेर एकाच राज्यात! आजही सोयरीक तिकडे, दवाखाना तिकडे, बाजार तिकडे, बोली तीच. ज्या गावात मामाचं घर आहे ते परराज्य आहे हे हाताला कसं आठवावं? हे मी त्यांना सांगितलं, खरंच सांगितलं, आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला!

पण नुसतं दाखवून उठायचं नाही हं! उपाय सोबत न्यायचा! दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत. २०२४ पासून या दोन्हींच्या मधे १ए नावाचा फॉर्म आलाय: १ भरून झालं असेल आणि ३बी भरायचं बाकी असेल, तर त्याच महिन्याची दुरुस्ती त्यात करता येते! म्हणजे सांगायची वेळसुद्धा ठरलेली! आणि समजा ३बी पण भरून गेलं? तरी घाबरायचं नाही! आयजीएसटी भरायचा आणि चुकून भरलेला सीजीएसटी-एसजीएसटी परत मागायचा, आणि कायद्यातच लिहिलंय की अशा वेळी त्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही! हे ऐकल्यावर काकाजींनी आधी चहा सांगितला!

आणि मग चहा येईपर्यंत ते स्वतःच म्हणाले, "अन् वरूडवाल्याचं बिल कसं लावलं आपण?" आणि मग मोवाडचं, आणि मग काटोलचं, आणि मग सगळी फाइलच खाली आली आणि आम्ही दोघं फक्त पहिले दोन अंक वाचत सुटलो, तेवीस, तेवीस, सत्तावीस, "हे बाजूला ठेव, पोरी!"