दाबलेल्या हवेचा ताप

अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती अखेर एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे त्याच्या सिलिंडरांत दर फेऱ्याला किती वजनाची हवा भरली जाते. इंधन हवे तेवढे ओतता येते, पण ते जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू हवेतूनच यावा लागतो, आणि साध्या इंजिनाला ती हवा पिस्टनच्या खाली जाण्याने निर्माण होणाऱ्या ओढीवरच मिळवावी लागते. टर्बोचार्जर हे यंत्र ही मर्यादा ओलांडते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या वाटेवर टर्बाइन नावाचे पातीचे चाक बसवलेले असते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर नावाचे दुसरे चाक असते, आणि एरवी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेवर ही जोडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले; जहाजे, रेल्वे इंजिने आणि ट्रक यांच्यामार्गे ती यथावकाश लहान मोटारींपर्यंत आली. मात्र हवा दाबली की ती तापते, आणि कमी खर्चात लहान मोटारीला टर्बो जोडण्याची सारी कला या तापाचा बंदोबस्त करण्यात आहे. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो त्या यवतमाळ जिल्ह्यात तर या कामाचा पहिला आणि शेवटचा विचार उष्णतेचाच असावा लागतो.

भारतात या प्रयोगासाठी सर्वांत स्वाभाविक मोटार म्हणजे मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या मोटारीचे सुटे भाग वणी, पुसद, दारव्हा अशा तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि तिचे तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन डोळे मिटून उघडू शकणारे मिस्त्री आजही जिल्ह्यात आहेत. शिवाय या इंजिनाच्या कुळात टर्बो परका नाही. सुझुकीने जपानमध्ये १९८७ साली अल्टो वर्क्स ही मोटार अवघ्या ५४३ घनसेंटिमीटरच्या टर्बो इंजिनासह आणली आणि तिने ६४ अश्वशक्ती दिली; पुढे जपानी कंपन्यांनी त्या वर्गातील मोटारींसाठी हाच आकडा कमाल मर्यादा म्हणून आपसांत मान्य केला. ७९६ घनसेंटिमीटरच्या कार्ब्युरेटरवाल्या भारतीय इंजिनाची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती होती, हे पाहिले की हौशी माणसाच्या मनात जो हिशेब सुरू होतो तो समजण्यासारखा आहे. पण कारखान्याने अल्टो वर्क्सचे ते इंजिन टर्बोसाठी आतून बदललेले होते. त्याचे पिस्टन असे घडवलेले होते की संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात असलेली हवा तो वर येईपर्यंत जितक्या पटीने दाबली जाते तो आकडा, मुद्दाम कमी राहील. कारखाना पिस्टनपासून सुरुवात करतो, हौशी कारागीर पाइपांपासून करतो, आणि हा क्रमातला फरक पुढच्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी असतो.

हे काम कोठे चालवायचे हा प्रश्नही आरंभीच मिटवलेला बरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ तितक्याच कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एम.एच. २९ क्रमांकाची टर्बो लावलेली मारुती घेऊन नागपूर–तुळजापूर महामार्गावर जाणे म्हणूनच योग्य नाही. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकण्याची भीती वेगळीच. हे काम बंदिस्त ट्रॅकसाठी, खासगी जमिनीवर चालवायच्या मोटारीसाठी किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आहे असे धरूनच पुढील विवेचन वाचावे.

आता हवेचा हिशेब. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथील हवेचा दाब मुळातच साधारण पाच टक्क्यांनी कमी असतो, आणि उन्हाळ्यातील तापमान जमेस धरले तर दुपारची हवा समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ भरते. समजा, मूळचे पिस्टन तसेच ठेवून ०.४ बार इतका बेताचा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वरचढ दाब, द्यायचे ठरवले, म्हणजे हवा जवळजवळ १.४ पट दाबली जाईल. बाहेर ४५ अंश तापमान असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता लहान जुन्या टर्बोची असते तशी ६५ टक्क्यांच्या जवळपास असेल, तर दाबलेली हवा जवळजवळ ९४ अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा पसरते, त्यामुळे दाब ४० टक्क्यांनी वाढूनही सिलिंडरात प्रत्यक्ष जाणारी हवा वजनाने फक्त २१ टक्क्यांनी वाढते. हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे समोरच्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या पातळ पंखांच्या जाळीतून, नेऊन ६० अंशांवर आणली तर वाढ ३३ टक्क्यांच्या पुढे जाते. टर्बोच्या एकूण लाभाचा तिसरा हिस्सा त्या निर्जीव दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात आहे, आणि तरीही बेत आखताना पैसे कमी पडले की पहिली काट त्याच डब्यावर पडते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांच्या हवेत इंटरकूलरशिवाय केलेली चाचणी उत्तम उतरते, कारण त्या वेळी दाबलेली हवा जेमतेम ५६ अंशांवर असते. त्या चाचणीवर विसंबून बसवलेले टायमिंग, म्हणजे प्लगने ठिणगी टाकण्याची वेळ, एप्रिलमध्ये पिस्टन खाते.

पिस्टन खाणे म्हणजे काय ते येथे सांगितले पाहिजे. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण एकत्रच दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटून ज्योत शिस्तीने पसरणे अपेक्षित असते. पण मिश्रण आधीच फार तापलेले असले तर ज्योत पोहोचण्यापूर्वी कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. याला नॉकिंग म्हणतात. गॅरेजच्या भाषेत इंजिन ठोकते. ती खडखड साध्या इंजिनात चढावर ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की जाते, पण बूस्टवर असलेल्या इंजिनात धुराच्या आणि हवेच्या आवाजात ती कानाला लागतही नाही. डिझेल इंजिनात फक्त हवाच दाबली जाते आणि इंधन शेवटी येते, म्हणून त्याला या प्रकारच्या नॉकिंगचे भय नसते. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून निघालेल्या इंडिकाच्या १४०५ घनसेंटिमीटरच्या साध्या डिझेल इंजिनाला पुढे कंपनीनेच टर्बो जोडला आणि भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यातही तो निभावला, यामागे हे कारण आहे. पुसदभोवतीच्या घाटांत माणसे भरून चढणाऱ्या गाडीला जे बळ लागते ते मधल्या फेऱ्यांवरचे असते आणि टर्बो तेच देतो. निव्वळ अश्वशक्तीचा आकडा हवा असणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की बारा झडपांच्या ऑल्टोच्या तेवढ्याच क्षमतेच्या इंजिनाने कोणत्याही टर्बोशिवाय सुमारे ४६ अश्वशक्ती दिली होती, आणि वर सांगितलेला बेताचा टर्बो जुन्या इंजिनाला फार तर त्याच्या थोडे पुढे नेतो.

स्वस्त टर्बो बहुधा नागपूरच्या किंवा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून येतो आणि तो बहुधा १.३ लिटरच्या डिझेल मोटारीतून निघालेला असतो. आकाराच्या दृष्टीने ही निवड चुकीची नाही, कारण ते इंजिन कमी फेऱ्यांवर जेवढी हवा ओढते तिच्या आतच लहान पेट्रोल इंजिनाची जास्त फेऱ्यांवरची गरज भागते. अडचण पुन्हा उष्णतेची आहे. डिझेलचा धूर टर्बाइनवर साधारण ७५० अंशांपर्यंत जातो, तर पेट्रोलचा ९०० च्या पुढे, आणि डिझेलसाठी ओतलेले टर्बाइनचे घर त्या तापासाठी केलेले नसते; म्हणून असा टर्बो थोड्या वेळाच्या जोरासाठी ठीक आहे, तासभर पूर्ण दाबाने पळवण्यासाठी नाही. विकत घेताना दांड्याचे टोक बोटांत धरून दोन परीक्षा कराव्यात. आडवे हलवल्यावर किंचित खेळ जाणवणे स्वाभाविक असते, कारण दांडा तेलाच्या थरावर तरंगण्यासाठीच बसवलेला असतो. पण पुढे-मागे ओढल्यावर जाणवण्याजोगी हालचाल झाली किंवा पात्यांच्या कडा घराला घासून चकचकीत झालेल्या दिसल्या, तर तो कितीही स्वस्त असला तरी तेथेच ठेवावा.

मॅनिफोल्ड, म्हणजे तिन्ही सिलिंडरांचा धूर एकत्र करून टर्बोला देणारी नळी, गावातच घडवता येते आणि येथे स्थानिक कारागिरीचे खरे मोल कळते. पातळ सायलेन्सर-पाइप वापरू नये. वाफेच्या नळजोडणीसाठी मिळणारी जाड भिंतीची पोलादी कोपरे घ्यावीत, कारण टर्बोचे वजन याच नळीवर लटकते आणि लाल तापून पुन्हा थंड होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात सांधे ताणले जातात. वेल्डिंग करताना फ्लँज, म्हणजे इंजिनाला बसणारी जाड पट्टी, जुन्या हेडवर बोल्टने आवळून ठेवावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नये. एवढे करूनही ती थोडी वाकतेच, म्हणून ती शेवटी मशीनवर सपाट करून घ्यावी लागते. हे शेवटचे काम टाळले की पॅकिंग फुंकते, धूर टर्बाइनला न जाता बाजूने निसटतो आणि टर्बो उशिरा जागा होतो.

तेलाच्या नळ्यांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. टर्बोच्या दांड्याला इंजिनाच्याच तेलाची धार लागते आणि ती तेलदाबाच्या स्विचच्या जागी टी-जोड लावून सहज घेता येते. अवघड असते ते परतीचे. दांड्याभोवती फिरलेले तेल फेसाळून बाहेर येते, त्यावर कोणताही दाब उरलेला नसतो, ते निव्वळ आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून परतीची नळी जाड हवी, तिला कोठेही खोलगट वळण नको, आणि ती चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात, तेलाच्या पातळीच्या वरच उघडली पाहिजे. नळी पातळीखाली उघडली की तेल टर्बोतच साचते, सीलमधून धुराच्या वाटेला लागते आणि मागून निळा धूर येऊ लागतो. मग दोष नव्या-जुन्या टर्बोला दिला जातो, तो बदलला जातो, आणि निळा धूर कायम राहतो.

इंधनाची बाजू कार्ब्युरेटरवर सर्वांत बिकट असते, कारण बूस्टचा दाब कार्ब्युरेटरच्या तोंडावर आला की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल खाली उतरायलाच तयार होत नाही. वाटीलाही तोच दाब पोहोचवावा लागतो आणि पंप त्याहून वरचढ दाबाचा लागतो. एमपीएफआय मोटारीत, म्हणजे जेथे संगणक प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने इंधन देतो तेथे, मूळच्या दाब-संवेदकाला बाहेरच्या हवेइतकाच दाब ओळखता येतो, त्याच्यावरची हवा त्याच्या हिशेबातच नसते, आणि मिश्रण नेमके गरजेच्या वेळी हलके पडते. प्रोग्राम करता येणारा स्वतंत्र संगणक आणि धुरातील प्राणवायू मोजणारा रुंद पट्ट्याचा संवेदक या दोन वस्तूंवर केलेला खर्च टर्बोपेक्षा जास्त झाला तरी तो योग्यच मानला पाहिजे. पंपांवर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल या कामात अनपेक्षितपणे मदतीला येते: त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंग सोसण्याची ताकद, ९५ च्या घरात असतो आणि इथेनॉलची वाफ होताना ते हवेतली बरीच उष्णता शोषून घेते, मात्र निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ते साधारण ८ टक्के जास्त ओतावे लागते, आणि जुन्या मोटारीतल्या रबरी नळ्या व पडदे त्याच्या सहवासात टिकत नाहीत, ते आधी बदलावेत.

या जिल्ह्यात इंटरकूलरला आणखी एक शत्रू आहे. दिवाळीनंतर कापूस जिनिंगकडे निघाला की पांढरकवडा, घाटंजी, वणीच्या रस्त्यांवर रुई उडत राहते आणि तिचे तंतू इंटरकूलरच्या व रेडिएटरच्या पंखांत अडकतात. त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की महिन्याभरात नमद्यासारखा थर तयार होतो, जो समोरून पाहिल्यास नुसता मळ वाटतो. तो मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढावा. जोराच्या फवाऱ्याने पंख मुडपतात आणि उरलेली वाटही बंद होते.

टर्बोवर जोरात पळवलेले इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे सावकाश चालू ठेवावे, नाहीतर दांड्याभोवती थांबलेले तेल जळून कोळसा होते. त्यानंतर इंजिन थंड झाले की तिन्ही प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या चिनीमातीवर मिठाच्या कणाहूनही बारीक राखाडी-चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते, नॉकिंगने उडालेले. अशा वेळी वेस्टगेटची स्प्रिंग, म्हणजे ठरलेल्या दाबाला धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग, हलकी बसवावी, टायमिंग मागे घ्यावे, नवे प्लग लावून पुन्हा दुपारच्याच उन्हात चाचणी घ्यावी, आणि ठिपके परत दिसले तर हेड उघडावे.