व्यसनावर औषध कीं दुसरें व्यसन?

हेरॉइनच्या व्यसनांत सांपडलेल्या माणसास डॉक्टरनें रोज अफूच्याच गुणाचें दुसरें औषध द्यावें, हें ऐकून कोणाही सुज्ञ गृहस्थास विषाद वाटेल. एक बेडी काढून दुसरी घालण्यांत कसला उपकार? आमचें मत मात्र निराळें आहे, आणि फ्रान्स देशाचा अनुभव त्यास आधार आहे.

तेथें १९९५ सालापासून साध्या डॉक्टरासही ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या लिहून देण्याची मुभा मिळाली. जिभेखालीं विरघळणारी ही गोळी व्यसनाची तळमळ शमविते; त्यामुळें सुईची गरज आणि तीमधून पसरणाऱ्या एच.आय.व्ही.सारख्या रोगांचें भय, दोन्ही कमी होतात. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तेथें हेरॉइनच्या अतिमात्रेनें होणारे मृत्यु सुमारें ७९ टक्क्यांनीं घटले, आणि त्यांत या उपचाराचा मोठा वांटा मानतात.

याची किंमतही द्यावी लागली. कांहींनीं गोळ्या विरघळवून टोंचून घेतल्या, कांहींनीं विकल्या; झोंपेच्या औषधांबरोबर घेऊन कांहीं दगावलेही. शिवाय उपचार वर्षानुवर्षें चालतो, आणि मध्येंच सोडल्यास धोका पुन्हां उभा राहतो.

तथापि सर्वस्व जाऊं लागलें असतां अर्धें सोडून अर्धें राखावें, हेंच आम्हीं मुलांस शाळेंत शिकविलें. मधुमेही रोज औषध घेतो म्हणून त्यास आपण व्यसनी म्हणत नाहीं. आपल्या देशांतही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखालीं या उपचाराची सोय आहे. ज्या घरचा मुलगा या फेऱ्यांत सांपडला असेल, तेथील वडील मंडळींनीं लाजेपोटीं दार लावून न घेतां त्यास स्वतः केंद्रावर न्यावें, अशी आमची कळकळीची विनंती आहे.