काकांच्या गोळ्या

आमच्या कट्टा गावच्या घरात फडताळाच्या वरच्या खणात बोर्नव्हिटाचा एक जुना डबा होता. त्याला पोरांनी हात लावायचा नाही, अशी ताकीद. आत धाकट्या काकांच्या गोळ्या असत. रात्री जेवणं उरकली की आजी तळहातावर गोळ्या घेऊन काकांपुढे उभी राही आणि त्यांनी पाण्याचा घोट गिळेपर्यंत जागची हलत नसे.

डब्याच्या आधीचे दिवस मी फक्त ऐकलेले. काकांना माडांतून कुणीतरी हाका मारी आणि ते रात्रीबेरात्री पेंडूरच्या वाटेला लागत. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, अंगारे लावून झाले. 'ह्येका रत्नागिरीक व्हरा' असंही लोक सांगून गेले. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासूनचं, त्यामुळे कोकणात त्या गावाच्या नावाचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. अखेर एका डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि हाका थांबल्या. काका खळ्यात बसून सुपाऱ्या सोलू लागले, बाजारातून घासाघीस करून बांगडे आणू लागले. आजीच्या लेखी डब्याचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल होता.

मी फार्मसीला गेले त्या सुमारास काकांचं तोंड हलू लागलं. ओठ चंबूसारखे पुढे येत, जीभ आतल्या आत वळे, मध्येच बाहेर डोकावून जाई. तोंडात सुपारीचं खांडही नसे. पोरं विचारीत, 'काका, काय चावतास?' 'काय नाय रे.' झोप लागली की सगळं शांत. लग्नकार्यात ते तोंडावर पंचा धरून बसत. दुखणं उलटलं, असं घरात सगळे म्हणाले.

या हालचालींना 'टार्डिव्ह डिस्कायनेशिया' म्हणतात, हे मला ग्रंथालयात कळलं, आणि तिथेच डॉ. दिलीप जेस्ते हे नाव भेटलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलचा विद्यार्थी, मुंबईच्या केईएममध्ये मानसोपचार शिकलेला आणि पुढे अमेरिकेत संशोधक झालेला मराठी माणूस. 1952 साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं, तेव्हापासून या जातीच्या गोळ्यांनी असंख्य माणसं इस्पितळातून घरी परतली. काकांच्या गोळ्याही याच जातीच्या. या गोळ्या मेंदूतल्या डोपामीनचं काम अडवतात. अडवणूक वर्षानुवर्षं चालली, की काहींचे ओठ, जीभ, बोटं आपल्या मनाने हलू लागतात. जेस्ते यांनी उमेदीची वर्षं या त्रासाच्या अभ्यासात घातली. रिचर्ड वायट या संशोधकांसोबतचं त्यांचं यावरचं पुस्तक 1982 सालचं. 1995 साली त्यांच्या गटाने अशा गोळ्या घेणाऱ्या 266 वयस्कर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात 26 टक्के, दोन वर्षांत 52 आणि तीन वर्षांत 60 टक्के लोकांना हा त्रास झाला होता. तरुणांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. म्हातारपणी मात्रा कमी हवी आणि नजर जास्त हवी, हे आकड्यांनी दाखवून दिलं. हेच जेस्ते 2012 साली अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. पुढे ते शहाणपणाच्या अभ्यासाकडे वळले, त्यासाठी भगवद्गीताही त्यांनी तपासली.

मला मात्र त्यांच्या आधीच्या कामातच शहाणपण दिसतं. गुण देणाऱ्या औषधाला प्रश्न विचारणं आपल्याला कृतघ्नपणा वाटतो. आजीला तसंच वाटे. पण ज्या गोळीवर माणसाला जन्मभर राहायचं, तिचीच झडती आधी घ्यायला हवी. काकांची मात्रा डॉक्टरांनी सावकाश उतरवली. तोंडाचं हलणं पुरतं गेलं नाही, पण पंचा खांद्यावर आला. हाका परतल्या नाहीत.

आता माझं बाजारात औषधांचं दुकान आहे. अशा गोळ्यांची चिठ्ठी आली, की मी सांगते, डॉक्टरांना दर खेपेला जीभ दाखवा. 'जीब कित्याक? ताप खंय इलो हा?' लोक हसतात. हसून झालं की मी पुढचं सांगते: गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि डॉक्टरांनी जीभ बघितली नाही, तर बघा म्हणून सांगा.