तुलना कुणाशी?

चि. मनू,


पीएच.डी.ची प्रिलिम पार पडली, फार बरं वाटलं. आता आरोग्य आणि श्रम या दोन्हींना धरून विषय घ्यायचा म्हणतेस, पण 'सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलंय' अशी तक्रारही करतेस. पहिल्या वर्षी गणितं सुटतात का ते बघतात. इथून पुढे प्रश्न विचारता येतो का ते बघतील.

आपल्या विषयाची मूळ अडचण सोपी आहे. आजारी माणसाची नोकरी जाते आणि नोकरी गेलेला माणूस आजारी पडतो. त्यामुळे विमा असलेले आणि नसलेले नुसते शेजारी उभे केले, तर विम्याचा गुण कळत नाही. बरी नोकरी असणाऱ्यांची तब्येतही बरी असते, एवढंच कळतं.

म्हणून अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या विमा-लॉटरीवरचे निबंध पुन्हा वाच, या खेपेला त्यांची बांधणी बघायला. 2008 मध्ये त्या राज्याकडे गरिबांच्या मेडिकेड विम्याच्या सुमारे 10,000 जागा होत्या आणि नावं आली जवळजवळ 90,000. राज्याने लॉटरी काढली. पण नाव निघालेल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांनाच शेवटी विमा मिळाला. बाकीच्यांनी फॉर्म भरले नाहीत किंवा ते पात्र ठरले नाहीत. तरीही निबंध लिहिणाऱ्या ॲमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी तुलना ठेवली ती नाव निघालेल्यांची न निघालेल्यांशीच. फॉर्म नेटाने भरणारा माणूस मुळातच वेगळा असू शकतो ना!

निष्कर्ष कुणाच्याच सोयीचे निघाले नाहीत. नैराश्य घटलं, उपचारांच्या खर्चाचा ताण हलका झाला; पण दोन वर्षांत रक्तदाबात ठोस फरक दिसला नाही. इमर्जन्सीतल्या फेऱ्या घटतील अशी आशा होती, त्या 40 टक्क्यांनी वाढल्या. विमा मिळाला की लोक काम सोडतील, ही भीतीही आकड्यांत दिसली नाही. 'फरक दिसला नाही' हेसुद्धा उत्तरच असतं. फक्त किती मोठा फरक आपल्या नमुन्यात दिसू शकला असता, तेही लिहायचं.

भारतातला डेटा घेणार असशील तर आणखी एक. आरोग्यावरच्या नमुना पाहणीत गेल्या 15 दिवसांत घरात कोण आजारी होतं, ते विचारतात. केरळात आयुर्मान जास्त, तरी लोक आजारही जास्त सांगतात. बिहारात दोन्ही कमी. अमर्त्य सेनांनी 2002 मध्ये याकडे लक्ष वेधलं होतं. रोजंदारीवर जाणारी बाई ताप अंगावर काढते. खाडा झाला तरच त्याला आजार म्हणते. तुझ्या फाइलमध्ये मात्र तिच्या नावापुढे शून्य असतं. म्हणून रिग्रेशनआधी प्रश्नावली वाच, आणि जमलं तर पाहणी करणाऱ्यांबरोबर एखादा दिवस हिंड.

गाइडकडे जाण्यापूर्वी एक वाक्य लिहून बघ: कशामुळे, कुणाचं, कुणाच्या तुलनेत, काय झालं. 'कुणाच्या तुलनेत' ही जागा रिकामी राहिली, तर विषय अजून मिळालेला नाही. ते वाक्य मलाही पाठव. खोडून परत पाठवीन.

तुझी,
मावशी